शांतता राखा, पण ऐका तरी!

वाचनालयातली 'शांतता राखा' ही पाटी बोलणाऱ्यांसाठी असते, ऐकणाऱ्यांसाठी नव्हे, हे ग्रंथालयवाल्या मंडळींना कुणीतरी सांगायला हवं. पॉडकास्टचं नाव काढलं की यांच्या कपाळाला आठी. "साहेब, वाचनालयात वाचायचं असतं!"

असं? मग डोळ्यांत मोतीबिंदू आला म्हणजे माणसाने तुमची पायरीच चढायची नाही? मोंढ्यात हळद विकून आलेला, अंगठा उठवून पैसे नेणारा शेतकरी आमच्या काउंटरला चालतो. तुमच्या टेबलाला का चालू नये?

बरं, पॉडकास्ट म्हणजे काही विलायती भूत नव्हे. शब्द तेवढा नवा, २००४ सालचा. तो ज्याच्यावरून आला तो आयपॉड तर ॲपलने २०२२ साली बंदसुद्धा केला! वस्तू मात्र आपली जुनीच: एकाने सांगावं, दहांनी ऐकावं. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथा सांगत हिंडले, म्हणून त्यांची पुस्तकं कुणी वाचायची सोडली काय?

दुसरा आक्षेप, "मोबाइलवर फुकट मिळतं की!" अहो, वर्तमानपत्रही चहाच्या टपरीवर फुकट मिळतं. चांगलं निवडून हातात देणं, हे काम ग्रंथपालाचं. दोन-चार हेडफोन, एक जुना संगणक आणि फळ्यावर 'या आठवड्यात काय ऐकाल'. एवढ्याला का निविदा काढायची?

खरं दुखणं पुढेच आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं, आणि त्यात आमचं वसमतही. त्या दिवशी दहा वर्षांचं असलेलं पोर आज पंच्याऐंशी ओलांडून गेलंय. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची रांग आम्ही बघतो. ती दरसाल थोडी आखूड होते. त्या रांगेतल्या म्हाताऱ्यांजवळ रझाकारांच्या काळातल्या हकिगती आहेत, आणि त्या तुमच्या कुठल्याही कपाटात नाहीत. चेकची मुदत निदान तीन महिने तरी असते. या ठेवीची मुदत कुणालाच ठाऊक नाही. तेव्हा त्यांना वाचनालयात बसवा, चहा पाजा आणि मोबाइलवर बोलणं टिपून घ्या. तोच आपला पॉडकास्ट!

आमच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथला, नामदेवांचं कीर्तन ऐकायला अख्खं देऊळ फिरलं अशी आख्यायिका आहे. आम्ही तेवढं मागत नाही. तुम्ही निदान एक टेबल फिरवा.