‘आत वस्ती झाल्याने अवशेष नष्ट’

हे शीर्षक म्हणजे आपल्या दुर्गनोंदींमध्ये वारंवार भेटणारे वाक्य आहे. किनाऱ्यावरच्या भूशिर-किल्ल्यांच्या वाट्याला ते जरा जास्तच आले आहे. एकदा कुणी ते लिहिले की पुढचा अभ्यासक तट-बुरुजांची छायाचित्रे काढतो आणि आतल्या जमिनीकडे पाठ फिरवतो. हे वाक्य पुरावा म्हणून स्वीकारणे आपण थांबवले पाहिजे. असे का म्हणतो, ते स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या बर्गहेडच्या उदाहरणाने सांगतो.

मोरे फर्थ या आखातात घुसलेले बर्गहेडचे भूशिर म्हणजे पिक्ट लोकांचा आजवर माहीत असलेला सर्वांत मोठा किल्ला. त्याचे क्षेत्र सुमारे साडेपाच हेक्टर. तीन बाजूंना समुद्र आणि जमिनीकडच्या चिंचोळ्या मानेवर एकामागे एक तीन तट. आत दोन भाग, एक उंचावर आणि एक खाली. विजयदुर्ग पाहिलेल्या माणसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या आसपासपासून दहाव्या शतकापर्यंत हे ठिकाण नांदते होते.

1805 नंतरच्या चार-पाच वर्षांत तिथे नवे बंदर आणि आखीव रस्त्यांचे गाव उभारले गेले. मानेवरचे तिन्ही तट पाडून टाकले, त्यांचा दगड बांधकामात गेला, किल्ल्याचा निम्म्याहून अधिक भाग घरांखाली आला. या खोदकामात बैल कोरलेले तीसेक दगड निघाल्याची नोंद आहे. आज त्यांतले सहा शिल्लक आहेत आणि तेही वेगवेगळ्या संग्रहालयांत विखुरलेले. इतके सारे हरवल्यावर बर्गहेड संपले असे विद्वानांना वाटले, तर त्यात नवल नव्हते.

पण एक कागद उरला होता. विल्यम रॉय या लष्करी सर्वेक्षकाने गाव वसण्यापूर्वी भूशिराचा मोजून नकाशा काढला होता. तो त्याच्या मृत्यूनंतर, 1793 साली छापला गेला. या ठिकाणाच्या ओळखीबाबत रॉय साफ चुकला. चार्ल्स बर्ट्रमने रचलेल्या एका बनावट ‘प्राचीन’ ग्रंथावर त्याने विश्वास ठेवला आणि बर्गहेडला रोमन ठाणे मानले. तो ग्रंथ बनावट असल्याचे पुढे उघड झाले, रॉयचा निष्कर्षही गळून पडला. त्याची मोजणी मात्र टिकली. पाडलेले तट कुठून कुठे जात होते, हे आज सांगता येते ते त्या नकाशामुळे. आपल्याकडे उलटे फार होते. किल्ला कुणी बांधला यावर पानेच्या पाने लिहिली जातात आणि तटाची जाडी, दोन बुरुजांमधले अंतर, खंदकाची खोली यांना एक ओळही मिळत नाही. मत बदलू शकते. मोजलेले मात्र पुढच्या पिढीच्या कामाला येते.

पुढे 1890च्या दशकात ह्यू यंगने उरलेल्या तटात खणून पाहिले. त्याला लाकडी तुळयांनी आतून बांधलेला प्रचंड तट दिसला. त्याची जाडी सुमारे आठ मीटर, उंची सहाच्या घरात आणि तुळया जोडायला लोखंडी खिळे. 1960च्या दशकात अ‍ॅलन स्मॉलने काम केले. तरीही किल्ल्याच्या आतल्या भागात काही उरले असेल, असे कुणी धरून चालले नाही. 2015मध्ये अ‍ॅबर्डीन विद्यापीठाच्या गॉर्डन नोबल यांच्या पथकाने नेमके तिथेच चर घेतले. एकोणिसाव्या शतकातला राडारोडा बाजूला केल्यावर त्याखाली लांबट घराचा माग आणि दगडी चूल मिळाली. आल्फ्रेड द ग्रेटच्या काळातले, म्हणजे नवव्या शतकाच्या उत्तरार्धातले नाणेही मिळाले. नंतरच्या हंगामांत तट जळाल्याच्या खुणा आणि उकिरड्याचे थर उकलले. त्या थरांत जनावरांची हाडे होती. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर आम्लधर्मी मातीत हाडे क्वचितच टिकतात, त्यामुळे त्या लोकांचा आहार आणि पशुपालन समजून घ्यायची ही दुर्मीळ संधी ठरली. कुणी तरी ‘उरले नाही’ या वाक्याची परीक्षा घेतली, म्हणून हे घडले.

बर्गहेडची दुसरी गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. 1809 साली गावासाठी पाण्याचा शोध चालू असताना तटाच्या आत खडकात खोदलेले एक भूमिगत दालन सापडले. खाली उतरायला पायऱ्या, मध्ये पाण्याचे चौकोनी टाके. गावाला पाणी हवे होते, म्हणून टाके उपसले गेले, दुरुस्त केले गेले, त्यात फेरफारही झाले. त्यानंतर कुणी त्याला रोमन स्नानगृह म्हटले, कुणी ख्रिस्ती बाप्तिस्म्याचे स्थान, कुणी किल्ल्याची साधी विहीर. वाद मिटवू शकेल असा थर त्या दालनात आता नाही. तो उपसलेल्या गाळाबरोबर गेला.

आपल्याकडे दर उन्हाळ्यात किती टाक्यांचा गाळ निघतो याचा विचार करा. गडसंवर्धनाच्या मोहिमांत तरुण मुले स्वतःच्या पदरचे पैसे घालून, उन्हातान्हात घमेली वाहतात. त्यांच्या निष्ठेबद्दल मला नितांत आदर आहे, म्हणूनच हे स्पष्ट लिहायला हवे. टाक्यातला गाळ हा कचरा नव्हे. तळाशी पडलेली खापरे, कोळसा, बिया, परागकण त्या टाक्याचे आयुष्य क्रमाने सांगतात. तो क्रम एकदा फावड्याने मोडला की जगातली कोणतीही प्रयोगशाळा तो पुन्हा लावून देऊ शकत नाही. ‘गाळात काही सापडले नाही’ असे मोहिमेच्या अहवालात असते तेव्हा त्याचा खरा अर्थ इतकाच असतो, की डोळ्यांना नाणे किंवा तोफगोळा दिसला नाही. संरक्षित स्मारकात अशी कामे परवानगीशिवाय करता येत नाहीत, हे बहुतेकांना ठाऊक आहे. मात्र परवानगी हाती असतानाही गाळाचा उभा छेद रेखाटणारा, खोलीनुसार नमुने वेगळे ठेवणारा एक प्रशिक्षित माणूस टाक्याशी उभा हवा. तो मिळत नसेल तर गाळ आणखी एक वर्ष तिथेच राहू द्यावा.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. हर्णैच्या फत्तेगडावर कोळी बांधवांची वस्ती आहे. रत्नदुर्गाच्या पेठकिल्ल्यात लोक राहतात. रेवदंड्याचे गाव पोर्तुगीज तटाच्या आत नांदते. ही सगळी ठिकाणे ‘अवशेष नष्ट’ या सदरात टाकून आपण मोकळे झालो आहोत. माझे मत उलटे आहे. घराच्या पायाखाली दडपलेली जमीन पुष्कळदा मोकळ्या, नांगरलेल्या किंवा सुशोभित केलेल्या जमिनीपेक्षा सुरक्षित असते. पाया, शोषखड्डा किंवा जलवाहिनीची चारी खणली जाते, तेव्हा त्या चारीची बाजू दोन तास साफ करून पाहिली तरी वस्तीचे थर दिसू शकतात. त्यासाठी गावाशी आधीपासून ओळख लागते. ग्रामपंचायतीला आपला फोन नंबर माहीत असावा लागतो, आणि ‘हे लोक आमची घरे उठवायला आलेत’ ही भीती त्यांच्या मनातून जावी लागते. बर्गहेडमध्ये दर 11 जानेवारीला गावकरी पेटते पिंप मिरवत शेवटी ज्या उंचवट्यावर नेऊन ठेवतात, तो उंचवटा जुन्या तटाचा उरलेला तुकडा मानला जातो. तो तुकडा गावाच्या प्रथेने राखला, असेच मला वाटते.

जांभ्याच्या मातीतही हाडे फारशी टिकत नाहीत. पण शिंपल्यांचे ढीग जिथे आहेत तिथे चुन्यामुळे आम्लता कमी होते आणि हाडे वाचण्याची शक्यता वाढते. कोकणातल्या किल्ल्यांच्या उतारावर दिसणारे शिंपल्यांचे थर आपण ओलांडून पुढे तट पाहायला जातो. पुढच्या वेळी तिथे थांबा.

समुद्र आपल्यासाठी थांबणार नाही. बर्गहेडचा किनारा झिजतो आहे म्हणूनच तिथल्या कामाला घाई आहे. आपल्याकडे पावसाळी भरतीच्या लाटा तटाच्या पायथ्याचा भराव उकरतात आणि मग वरचा चिरा सुटतो. जुलै 2025मध्ये विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग आणि खांदेरी जागतिक वारसा यादीत गेले. त्यांच्याकडे आता लक्ष राहील अशी आशा आहे. यादीबाहेरच्या भूशिरांकडे लक्ष ठेवायचे, तर ते आपल्यालाच ठेवावे लागेल.

पुढील अंकापासून ‘कड्याचा छेद’ हे सदर सुरू करत आहोत. आपापल्या भागातल्या एका भूशिर-किल्ल्याची समुद्राकडची उघडी पडलेली बाजू निवडा. तिचे मोजपट्टीसह छायाचित्र मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये त्याच जागेवरून घ्या. छेदातले थर मोजून रेखाटा, मातीचा रंग आणि पोत लिहा, स्थाननिर्देशांक नोंदवा. काहीही उकरू नका, काहीही उचलू नका. निष्कर्ष लिहिलाच पाहिजे असे नाही. रेखाटन नीट असेल तर आम्ही ते निष्कर्षाविना छापू.