शाळा झुकेल तरच मूल शिकेल

तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमच्या परिसरात, तिरुप्पनंदाळ हे गाव आहे. तेथील अरुणजटेश्वराच्या मंदिराची एक कथा त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ताटकै नावाची एक स्त्री देवाला हार घालू लागली असता तिचे वस्त्र सुटू लागले. ते कोपरांनी सावरून धरल्यामुळे तिला हात वर नेता येईनात. तेव्हा शिवलिंगच तिच्याकडे झुकले आणि तिचा हार देवाला पोचला. पुढे राजाने हत्ती जुंपूनही ते लिंग सरळ झाले नाही. कुंगिलिय कलय नायनार या भक्ताने दोर स्वतःच्या गळ्याला बांधून ओढला, तेव्हाच ते पूर्ववत झाले.

कथेतील चमत्काराचा प्रश्न बाजूला ठेवू. परंतु ती रचणाऱ्या जनतेची न्यायबुद्धी दाद देण्याजोगी आहे. ज्याचा हात पोचत नाही त्याला मंदिराबाहेर काढावे असे या कथाकाराला वाटले नाही. उंचावर जो बसला आहे त्यानेच खाली वाकले पाहिजे, असे त्याने ठरवले. अपंग विद्यार्थ्यांच्या विशेष शिक्षणाचे मूलतत्त्व याहून निराळे नाही. आपल्या देशातील शाळा मात्र अजून ताठ उभी आहे, आणि हात न पोचणारे मूल पायरीवरून परत फिरते आहे.

२०११ च्या जनगणनेने या परत फिरणाऱ्या मुलांची मोजदाद केली आहे. देशातील अपंगांची संख्या तीत २ कोटी ६८ लाख नोंदली गेली आणि त्यांपैकी सुमारे ६९ टक्के लोक खेड्यांत राहणारे होते. ५ ते १९ वर्षे वयाच्या अपंग मुलांपैकी ६१ टक्के शिक्षणसंस्थेत जात होती. २७ टक्के मुलांनी शाळेचे तोंडही कधी पाहिलेले नव्हते. ही मुले कोणाची, हे सांगण्यास पंडिताची गरज नाही. धनिकाच्या अंध मुलाला घरी शिक्षक येतो, शहरातील संस्था मिळते, साधने मिळतात. कावेरीच्या खोऱ्यातील शेतमजुराचे किंवा मराठवाड्यातील ऊसतोड कामगाराचे बहिरे मूल आईबापांच्या कामाच्या वेळी बांधावर बसून राहते. अपंगत्व कोणत्याही घरात येते. त्याची शिक्षा मात्र वर्ग पाहून होते.

या मुलांसाठी आजवर जे झाले ते बव्हंशी दानधर्माच्या मार्गाने झाले. तिरुप्पनंदाळचा काशी मठ विद्यादानासाठी प्रसिद्ध आहे. त्याच तंजावर मुलखात १६७६ पासून १८५५ पर्यंत मराठ्यांचे राज्य होते. दुसऱ्या सरफोजी राजांनी ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळ छत्र उभारले. छत्रांत वाटसरूंना अन्न मिळे, आजाऱ्यांना वैद्य मिळे, पोरक्या मुलांना पंतोजी मिळे. नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची चित्रे काढून उपचारांची टिपणे ठेवण्यापर्यंत या राजाची जिज्ञासा गेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिशनरी आणि परोपकारी मंडळींनी मुंबईत बहिऱ्यांसाठी आणि १८८७ मध्ये अमृतसरला अंधांसाठी शाळा काढल्या. या सर्वांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण दान दात्याच्या मर्जीवर चालते. ते किती जणांना पोचावे हे गरज ठरवीत नाही, थैली ठरवते. आणि घेणाऱ्याला हिशेब विचारण्याचा अधिकार नसतो. म्हणूनच शिक्षण हा हक्क आहे, हे पहिले तत्त्व होय.

दुसरे तत्त्व विज्ञानाने दिले आहे. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की (१८९६–१९३४) यांनी १९२० च्या दशकात असे मांडले की, इंद्रियाची उणीव ही एक गोष्ट आणि त्या उणिवेमुळे मूल समाजजीवनाबाहेर फेकले जाणे ही दुसरी गोष्ट. मुलाच्या विकासाला खरी खीळ या दुसऱ्या गोष्टीने बसते. ऐकू न येणे हे शरीराचे वास्तव आहे. पण भाषा न मिळणे हे समाजाचे कर्तृत्व आहे, कारण हातांच्या खुणांतूनही संपूर्ण भाषा उभी राहते. दिसत नाही म्हणून वाचता येत नाही, हेही असेच खोटे. लुई ब्रेल याने सहा ठिपक्यांची लिपी १८२९ मध्येच प्रसिद्ध केली होती आणि आपल्या देशातील भाषांसाठी भारती ब्रेल १९५१ पासून उपलब्ध आहे.

ही शिकवण कृतीत कशी उतरते हे मॉस्कोजवळील झागोर्स्क येथे दिसले. तेथे १९६३ मध्ये अंध आणि बहिऱ्या, म्हणजे दोन्ही इंद्रिये गमावलेल्या मुलांसाठी निवासी शाळा सुरू झाली. अलेक्सांद्र मेश्चेर्याकोव्ह यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे शिक्षणाची सुरुवात अक्षरांपासून होत नसे, चमच्यापासून होत असे. शिक्षक मुलाचा हात आपल्या हातात धरून चमचा तोंडापर्यंत नेई. मुलाच्या हाताने स्वतःहून किंचितही हालचाल केली की शिक्षक आपला जोर तेवढाच कमी करी. हात फार लवकर सोडला तर मूल गोंधळे. फार उशिरा सोडला तर ते परावलंबी होई. अशा पायऱ्यांनी कपडे घालण्यापर्यंत, खुणांपर्यंत, बोटांच्या वर्णमालेपर्यंत आणि ग्रंथांपर्यंत मुले पोचली. त्या शाळेतील चार विद्यार्थी १९७१ मध्ये मॉस्को विद्यापीठाच्या मानसशास्त्र शाखेत दाखल झाले आणि १९७७ मध्ये पदवीधर झाले.

विशेष शिक्षणाचे सारे प्राथमिक नियम या चमच्यात आहेत. मुलाला काय येत नाही याच्या यादीआधी काय येते याची नोंद करावी. कामाचे लहान लहान टप्पे पाडावे. प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र आराखडा लिहून काढावा आणि ठरावीक मुदतीने तो तपासावा. एका इंद्रियाची वाट बंद असेल तर दुसरी उघडावी: अंध मुलाला गणितासाठी मणिचौकट, मंदगती मुलाला काड्या आणि बिया, बहिऱ्या मुलाला खुणांची भाषा. आणि आधार जेवढा लागेल तेवढाच द्यावा. यात गूढ काही नाही. मात्र यासाठी प्रशिक्षित माणूस लागतो, त्याला वेळ लागतो, आणि तो माणूस त्याच मुलाबरोबर वर्षानुवर्षे टिकावा लागतो.

आपले सरकार कमी पडते ते नेमके येथे. कायद्यांचा तुटवडा नाही. अपंग मुलांनी शक्यतो सर्वांबरोबर शिकावे असे कोठारी आयोगाने १९६६ मध्येच सांगितले. १९७४ मध्ये एकात्म शिक्षणाची योजना आली, १९९५ मध्ये अपंग व्यक्ती अधिनियम झाला, २००९ मध्ये शिक्षण हक्क कायदा आला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि किमान ४० टक्के अपंगत्व प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला, जवळच्या किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क दिला. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी दिलेली पाच वर्षांची मुदत २०२२ मध्ये उलटून गेली. सरकारने 'अपंग' शब्द बदलून 'दिव्यांग' केला. असंख्य शाळांच्या दारातील पायऱ्या मात्र होत्या तशाच आहेत.

शिक्षकांची कथा याहून वाईट आहे. विशेष शिक्षकांच्या अभावाचे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावे लागले. न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात निकाल दिल्यावर केंद्राने २०२२ मध्ये प्रमाण ठरवले: प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे पंधरा मुलांमागे एक. तरीही अनेक राज्यांनी पदेच निर्माण केली नाहीत आणि न्यायालयाला २०२५ मध्ये पुन्हा कान उपटावे लागले. महाराष्ट्राने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर ४,८६० विशेष शिक्षकपदे निर्माण करण्याचे ठरवले, तेही वर्षानुवर्षे कंत्राटी शिक्षकांना तुटपुंज्या मानधनावर राबवून घेतल्यानंतर. एका केंद्रात अनेक शाळा असतात. त्या सर्वांत फिरणारा एकटा शिक्षक एका मुलाचा हात कितीदा हाती धरू शकेल? ज्याला स्वतःच्या पुढील वर्षाची खात्री नाही त्याने मुलाचा पाच वर्षांचा आराखडा कसा आखावा? कंत्राटी पद्धतीचा अन्याय शिक्षकावर होतो तेवढाच मुलावरही होतो.

याच कुंभकोणम शहरात १६ जुलै २००४ रोजी एका खासगी शाळेच्या गवती छपराने पेट घेतला आणि ९४ बालके जळून मेली; जी वाचली त्यांतील कित्येकांच्या अंगावर जन्मभराचे व्रण राहिले. अरुंद जागेत मुले कोंबणाऱ्या शाळेने आणि तिकडे डोळेझाक करणाऱ्या तपासनिसांनी मिळून ते बळी घेतले. धडधाकट मुलाला जेथून पळता आले नाही तेथून चाकाच्या खुर्चीतील मूल कसे सुटेल? अपंग मुलाला सोयीची असलेली शाळा सर्वच मुलांना सुरक्षित असते, हा त्या राखेतून निघणारा धडा आहे.

'यासाठी पैसा कोठून आणावा?' असा प्रश्न विचारला जाईल. राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च करावेत, असे कोठारी आयोगाने सांगितले होते. २०२० च्या शिक्षण धोरणानेही तोच आकडा गिरवला. कोणत्याही सरकारने तो गाठलेला नाही. तेव्हा पैशाच्या अभावाची सबब पुढे करणाऱ्यांनी आधी हा जुना हिशेब चुकता करावा.

प्रत्येक कार्यकर्त्याला आपल्या गावापासून सुरुवात करता येईल. वस्तीतील किती मुले घरी बसून आहेत? किती जणांना अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले आहे? शाळेत उतरण आणि वापरता येईल असे स्वच्छतागृह आहे काय? विशेष शिक्षक महिन्यातून किती वेळा येतो आणि प्रत्येक मुलाचा लेखी आराखडा आहे काय? शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला घरी शिक्षण घेण्याचा पर्याय दिला. तो पर्याय कुटुंबाने निवडला की शाळेने मूल टाळण्यासाठी त्यांच्या गळ्यात मारला? ही उत्तरे ग्रामसभेत, शाळा व्यवस्थापन समितीत आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर लेखी मांडावीत. अपंगांच्या आणि शिक्षकांच्या संघटनांना त्यात बरोबर घ्यावे, आणि शेतमजुरांच्या संघटनेने हा प्रश्न मजुरीच्या प्रश्नाइतकाच आपला मानावा, कारण बांधावर बसलेले ते मूल तिच्याच सभासदाचे आहे.

तिरुप्पनंदाळच्या कथेत शिवलिंग आपण होऊन झुकले. शासनयंत्रणा आपण होऊन झुकल्याचे उदाहरण इतिहासात विरळा. तिला संघटित जनतेनेच वाकवावे लागेल.