मुकादमाची वही आणि पंचेचाळीस मिनिटं

‘तुमचं आवडतं प्रॉडक्ट कोणतं? ते आणखी चांगलं कसं कराल?’

असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजरच्या, म्हणजे एपीएमच्या मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो. कॉलेजातून नुकतंच बाहेर पडलेल्या मुलामुलींना कंपन्या या नावाखाली घेतात. ॲप कुणासाठी बनवायचं, त्यात काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे ठरवायचं काम. जागा मोजक्या, अर्ज ढिगाने. मग केजचं असो की गेवराईचं, पोरगं उत्तर पाठ करूनच जातं. स्पॉटिफाय. नाहीतर नोशन. नाहीतर एअरबीएनबी, जे त्याने आयुष्यात कधी वापरलेलं नसतं.

मीही पाठ केलं होतं. एका सराव मुलाखतीत मात्र तोंडातून निघून गेलं, ‘आईच्या बचत गटाची वही.’ समोरचा मेंटर हसला आणि म्हणाला, ‘क्यूट आहे, पण काहीतरी रिलेटेबल घे.’ कुणाला रिलेटेबल, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही. आता विचारतेय.

या नोकरीचा जन्म कसा झाला ते आधी बघू. २००२ साली गूगलमध्ये मारिसा मायर यांनी हा कार्यक्रम सुरू केला. बाहेरून आणलेले अनुभवी मॅनेजर तिथे रुळत नव्हते, म्हणून ताज्या पदवीधरांना घ्यायचं आणि त्यांच्या हातात खरं काम द्यायचं ठरलं. पहिला एपीएम ब्रायन राकोव्स्की जीमेलवर गेला. ब्रेट टेलर याच वाटेने आला आणि पुढे गूगल मॅप्स घडवणाऱ्यांपैकी एक झाला. दार तेव्हाही सगळ्यांना उघडं नव्हतं, संगणकशास्त्राची पदवी लागायचीच. पण अनुभव नको, नजर हवी, ही मूळ कल्पना होती.

आज त्याच ‘फ्रेशर’ जागेच्या जाहिरातीत आधीच्या इंटर्नशिप विचारतात. ती इंटर्नशिप मिळते ओळखीवर, ज्याला आता रेफरल म्हणतात. आमच्याकडे त्याला वशिला म्हणतात. बीड शहरात रेल्वे यायलाच २०२५ चा सप्टेंबर उजाडला, तिथल्या कॉलेजात या कंपन्या कॅम्पसला येतील अशी वाट कोण बघणार?

यावर आपण शोधलेला उपाय आपल्याला चांगलाच सवयीचा आहे. अभ्यासिका, नोट्स, टेस्ट सिरीज. एमपीएससीचं सगळं तंत्र आपण इथे उचलून आणलंय. ‘क्रॅकिंग द पीएम इंटरव्ह्यू’ हे पुस्तक, ल्युइस लिन यांची ‘सर्कल्स’ पद्धत, झालंच तर रस्त्यावरच्या पेट्रोल पंपांचा अंदाज बांधायच्या कसरती. पद्धतीत वाईट काही नाही, बोलायला शिस्त येते. पण एमपीएससी निदान अभ्यासक्रम छापते, उत्तरतालिका जाहीर करते, त्यावर हरकत घेता येते. इथे काय येतं? ‘आम्ही इतर उमेदवारांसोबत पुढे जायचं ठरवलं आहे’ असा एक मेल, तोही ज्याला उत्तर पाठवता येत नाही अशा पत्त्यावरून. परीक्षेचा सगळा जाच आहे, आणि परीक्षेत मिळणारा हक्क मात्र एकही नाही.

आणि पंचेचाळीस मिनिटांत मोजतात काय? नजर, म्हणे. मग नजरेचंच उदाहरण घेऊ.

दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम हंगामाच्या आधीच उचल देतो, ती पुढे टनाच्या हिशोबाने फेडायची. एक दिवस काम चुकलं की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. मग ताप असो, बाळंतपण असो. कारखान्याचा पट्टा पडला की मुकादम वही उघडतो आणि सांगतो, एवढी फिटली, एवढी राहिली. राहिली असेल तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच्याचकडे.

पाठांतरवाला उमेदवार यावर लगेच ॲप काढेल. कामगाराने रोजचं टनेज भरायचं, उचल कमी होताना दिसायची, वर रंगीत आलेख. ज्याच्या घरातून कोयता गेलाय त्याला हे दोन मिनिटांत मोडता येतं. काट्यावर वजन गाडीचं होतं, कोयत्याचं नाही. ती पावती तोडणाऱ्याच्या हातात येतेच असं नाही. फोन एकच असेल तर तो नवऱ्याच्या खिशात. बायको अर्धा कोयता असली तरी उचलीच्या व्यवहारात तिचं नाव नसतं. फडाजवळच्या कोपीत चार्जिंगची सोय असेलच असं नाही. आणि हिशोब दिसू नये यातच ज्याचा फायदा आहे, वही त्याच्याकडेच आहे. म्हणजे आलेख कितीही रंगवा, आधी पावती कुणाच्या हातात पडते ते बदलावं लागेल.

याच समजेला कंपन्या प्रॉडक्ट सेन्स म्हणतात आणि ती मिळत नाही म्हणून कॉन्फरन्समध्ये रडतात.

माझ्या आईच्या गटाची वहीही तसलीच आहे, पुठ्ठ्याची, दुकानात मुकादमाच्या वहीशेजारीच ठेवलेली असते तशी. फरक एवढाच की दर महिन्याच्या बैठकीत ती मोठ्याने वाचली जाते. कुणाची वर्गणी आली, कुणाचं कर्ज थकलं. ज्यांना वाचता येत नाही त्या बायकाही चुकलेला आकडा पकडतात, कारण सगळ्यांचे आकडे सगळ्यांना पाठ. मेंटरला हे क्यूट वाटलं.

क्यूआर कोडशेजारचा पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा आठवा. तो मराठीतही बोलतो. हात तेलात असलेला भजीवाला गर्दीत फोन बघत बसू शकत नाही, गिऱ्हाईक खोटा स्क्रीनशॉट दाखवून जाऊ शकतं, हे त्याच्या गाड्याजवळ थोडा वेळ उभं राहिलेल्या कुणालाही दिसलं असतं.

आता उलट बाजू. ‘हजारो अर्ज येतात, कुठेतरी चाळणी लावावीच लागते,’ असं कंपन्या म्हणतात. लावा की. पण गावाकडच्या नव्या ग्राहकांसाठी ॲप बनवतोय म्हणून गुंतवणूकदारांसमोर मिरवायचं, आणि त्या ग्राहकाच्या घरातला उमेदवार इंग्रजीत अडखळला की गाळायचा, ही चाळणी गहू टाकून कोंडा ठेवणारी आहे.

आपल्यालाही सूट नाही. नुसतं बीडचं असणं ही पात्रता नव्हे. मुकादमाच्या घरातही इंजिनिअर पोरं आहेत. कोयत्यावर वाढलेल्या कित्येकांनीही ती वही एकदासुद्धा मागून बघितली नाही. एसक्यूएल शिकावंच लागेल, आकडे मांडता यावेच लागतील, नीट लिहिता यावं लागेल. फक्त केस स्टडीत स्पॉटिफायला अकरावं बटण लावण्याऐवजी चार कोयत्यांचा एका हंगामाचा हिशोब त्यांच्याजवळ बसून लिहून काढा. नाव गाव झाकून. मुलाखत घेणारा त्याआधी बातम्यांमधल्या बीडबद्दल विचारेल, तो प्रश्न एका वाक्यात संपवा आणि काट्याच्या पावतीवर या. पेट्रोल पंप मोजायला सांगितले तर तेही मोजा, आणि वेळ उरला तर विचारा, दिवाळीनंतर एका गावातल्या शाळेत किती बाकं रिकामी होतात, याचा अंदाज कसा बांधाल?

आणि कंपन्यांकडे मागणं तीनच गोष्टींचं आहे. मुलाखतीची एक फेरी उमेदवार म्हणेल त्या भाषेत घ्या. नाकारलं तर कारण लिहून द्या, दोन ओळी पुरे. आणि यंदा घेतलेले एपीएम कोणत्या कॉलेजांतून आले, किती रेफरलने आले, ते दरवर्षी जाहीर करा. बचत गटाच्या बैठकीत वाचतात तसं, मोठ्याने.