निकाल लागू दे, मग बघू

गेल्या जूनमध्ये एक आई मुलीला घेऊन माझ्या घरी आली. एका हातात पेढ्यांचा डबा, दुसऱ्या हातात कपड्याच्या दुकानाची जाड पिशवी आणि त्या पिशवीत मुलीचे सगळे कागद. मुलगी बारावी सायन्सला चांगल्या गुणांनी पास झाली होती. "टीचर, हिला बी.फार्मला घालायचंय. फॉर्म कुठे भरायचा तेवढं सांगा," आई म्हणाली. मी विचारले, सीईटी कशी गेली? दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. सीईटीचा अर्ज भरलेलाच नव्हता. अब्बू म्हणाले होते, निकाल लागू दे, मग बघू.

हे वाक्य मी नोकरीला लागल्यापासून ऐकते आहे. बोलणाऱ्याची मुळीच चूक नाही, कारण आमच्या वेळी खरोखरच तसे होते. निकाल लागायचा, गुणपत्रिका हातात यायची, वालिदसाहेब सायकलवरून कॉलेजात जायचे, रांगेत उभे राहून फॉर्म आणायचे आणि दोन आठवड्यांत प्रवेश होऊन जायचा. आज बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला बऱ्याच ठिकाणी अजूनही बारावीचे गुण पाहूनच प्रवेश मिळतो. बाकी दारांचे तसे राहिलेले नाही. इंजिनिअरिंग, बी.फार्म, पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, बी.एस्सी. नर्सिंग या सगळ्यांना प्रवेश परीक्षा आहे आणि तिचे अर्ज साधारण डिसेंबर ते मार्च या काळात, म्हणजे मुले बोर्डाच्या तयारीत बुडालेली असताना भरले जातात. २०२४ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस या अभ्यासक्रमांनाही सीईटी आली. त्या वर्षी आमच्या मोहल्ल्यातली कॉमर्सची मुले जुन्या समजुतीत राहिली आणि जूनमध्ये त्यांना कळले की परीक्षा होऊनही गेली.

महाराष्ट्राबाहेरचे तर सोडूनच द्या. जामिया मिल्लिया, अलिगढ, हैदराबादचे मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ ही नावे आपल्या घरात मोठ्या अदबीने घेतली जातात, पण तिथे अर्ज केलेली मुले हाताच्या बोटांवर मोजावी लागतात. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सीयूईटी ही परीक्षा आहे. जामिया आणि अलिगढमध्ये काही अभ्यासक्रम सीयूईटीवर चालतात, काही त्यांच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेवर. म्हणून आपल्याला हव्या असलेल्या अभ्यासक्रमाचे माहितीपत्रक त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच वाचावे. मामूच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी काय केले यावर जाऊ नये. सीयूईटी तेरा भाषांत देता येते. त्यात मराठी आहे आणि उर्दूही आहे. ही एवढी गोष्ट सांगितली की माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलींचे चेहरे बदलतात.

त्या मुलीला मी डी.फार्मचा रस्ता दाखवला. त्याला सीईटी लागत नाही, बारावीच्या गुणांवर प्रवेश होतो आणि पुढे बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. तिचे वर्ष वाचले. पण सगळ्यांना असा बाजूचा दरवाजा सापडत नाही.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती मला सांगायला जड जाते, कारण तिच्यात माझा वाटा आहे.

दहावीत बोर्डाचे अर्ज भरून झाल्यावर शाळेकडे एक छापील यादी येते. तिला प्री-लिस्ट म्हणतात. मुलीचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, विषय हे सारे तपासून मुलीने त्यावर सही करायची असते. काही वर्षांपूर्वी वर्गशिक्षिका म्हणून ती यादी मी शेवटच्या तासाला, घंटा व्हायला पाच मिनिटे उरली असताना वर्गात फिरवली. "सह्या करा गं पटपट." मुलींनी सह्या केल्या. त्यातल्या एकीचे आडनाव शेख. जनरल रजिस्टरमध्ये आणि म्हणून यादीतही त्याचे इंग्रजी स्पेलिंग 'ए-आय' घालून होते. आधार कार्डावर आणि तिच्या जातीच्या दाखल्यावर 'ई-आय' होते. शिवाय दाखल्यावर वडिलांचे नाव पूर्ण, तर शाळेत 'मोहम्मद'चे नुसते 'मो.' लिहिलेले. कुणाच्याच लक्षात आले नाही. माझ्या लक्षात यायला हवे होते.

दोन वर्षांनी तिने सीईटी दिली, पर्सेंटाइल छान आले, ओबीसीतून अर्ज केला. कागद तपासणीच्या वेळी सांगण्यात आले की गुणपत्रिकेवरची मुलगी आणि दाखल्यावरची मुलगी एकच आहे याचा पुरावा आणा. प्रतिज्ञापत्र, दुरुस्ती, तहसीलच्या फेऱ्या यात मुदत निघून गेली. तिचा अर्ज खुल्या गटात धरला गेला आणि ज्या कॉलेजवर तिने बोट ठेवले होते ते तिला मिळाले नाही. ती आज दुसरीकडे शिकते आहे, खूश आहे. भेटली की अदबीने सलाम करते. त्या सलामाने मला जास्तच लागते.

आपल्या नावांचा हा घोळ फार मोठा आहे. अब्दुल रहमान हे एकच नाव. पण रकान्यात भरताना कुणी 'अब्दुल' नाव आणि 'रहमान' आडनाव करून टाकतो. मुलीच्या नावापुढे एका कागदावर 'बी', दुसऱ्यावर 'बानो', तिसऱ्यावर काहीच नाही. आईचे नाव माहेरचे एक, सासरचे एक. बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी, मणियार घरांतली कितीतरी मुले शाळेत 'शेख' म्हणून दाखल होतात आणि जातीच्या रकान्यात फक्त 'मुस्लिम' लिहिले जाते. धर्म हा झाला, पण ओबीसीच्या यादीत जात असते. मुलगा शाळेत आहे तोपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवून रजिस्टरमधली चूक दुरुस्त करून घेता येते. एकदा दहावीचे प्रमाणपत्र छापून दाखला हातात पडला की तेच काम कितीतरी पटीने कठीण होते. आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर दहावीचेच नाव पुढे चालत जाते. म्हणून मी म्हणते, कॉलेजचा अर्ज नववीत सुरू होतो.

जातीच्या दाखल्यासाठी ओबीसीत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. म्हणजे आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या शाळेचा उतारा, जुनी जन्म-मृत्यूची नोंद वगैरे. तो शोधायला गावी जावे लागते, रजिस्टर जीर्ण झालेले असते, कारकून रजेवर असतो. हे काम निकाल आणि प्रवेशाच्या मधल्या दहा दिवसांत होणार आहे का? उन्हाळ्याच्या सुट्टीत नानी-दादीकडे जातोच, तेव्हाच करावे. दाखला मिळाला की व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी वैधता प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत जिल्हा जात पडताळणी समितीकडे द्यावा. वडिलांकडे किंवा सख्ख्या चुलत्यांकडे वैधता असेल तर काम हलके होते, म्हणून भावाभावांत अबोला असला तरी त्या एका कागदापुरता तो सोडावा. (हसू नका, मी हे दोन घरांत करून घेतले आहे.) नॉन-क्रीमी लेअरची मुदत संपलेली नाही ना, तेही पाहावे. ज्यांची जात कुठल्याच आरक्षणात येत नाही आणि घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे अशा सय्यद, पठाण, खान घरांना ईडब्ल्यूएसचा दाखला मिळू शकतो. हे आपल्यात अजून फार थोड्यांना माहीत आहे. केंद्रीय विद्यापीठांसाठी ओबीसी आणि ईडब्ल्यूएस दोन्हींचे दाखले केंद्राच्या वेगळ्या नमुन्यात लागतात, हेही ध्यानात ठेवावे.

मुलींच्या पालकांनी तर या कागदांकडे पैसा म्हणूनच पाहावे. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटांतल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरच्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन पूर्ण भरते. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. "मुलीच्या शिक्षणाला एवढी फी कुठून आणू" म्हणून निकाह ठरवणाऱ्या बापाला मी आधी हेच सांगते. दर वेळी ऐकतात असे नाही.

कागदांवर मी इतके लिहिले की मुलाचे काय हे मागेच राहिले. काही विद्यापीठे गुणांपलीकडेही पाहतात. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात लेखी परीक्षेनंतर मुलाखत होते आणि घरच्या उत्पन्नाप्रमाणे आर्थिक मदतही मिळते. अशा ठिकाणी स्वतःविषयी बोलावे, लिहावे लागते आणि तिथे आपली मुले अडखळतात. एका मुलाने मला लिहून दाखवले: मी मेहनती, प्रामाणिक आणि आज्ञाधारक आहे, मला देशसेवा करायची आहे. वाक्ये मोबाइलवरून उतरवलेली होती, हे तिसऱ्या ओळीतच कळले. मी विचारले, बेटा, तुझ्या वयाची मुले कॉलेजात एक वर्ष पुढे आहेत, तू मागे कसा? तो खाली बघू लागला. म्हणाला, "टीचर, मी हिफ्ज करत होतो. दोन वर्षं शाळा नव्हती. ते लिहू नको असं भाईजान म्हणाले."

संपूर्ण कुरआन पाठ केलेला मुलगा ती गोष्ट लपवत होता. मी त्याला म्हटले, रोज पहाटे किती वाजता उठायचास, जुने विसरू नये म्हणून काय करायचास, शाळेत परत आलास तेव्हा गणितात कुठे अडलास आणि ते कसे भरून काढलेस, एवढेच लिही. त्याने दीड पान लिहिले. भाषा साधी, दोन-तीन ठिकाणी व्याकरण चुकलेले. मी व्याकरण दुरुस्त केले, बाकी एक शब्द बदलला नाही. मुलाखतीत त्याला त्या दोन वर्षांबद्दलच विचारले गेले आणि तो न थांबता बोलला. त्याची निवड झाली.

सगळेच काही हाफिज नसतात. पण बाजारच्या दिवशी अब्बूच्या गाड्यावर हिशेब ठेवणारी, दादीला इन्सुलिन देणारी, लहान भावंडांचा अभ्यास घेणारी मुले प्रत्येक वर्गात आहेत. त्यांना वाटते हे घरकाम झाले, अर्जात काय लिहायचे. नववीपासून एक साधी वही ठेवावी आणि महिन्यातून एकदा त्यात दोन ओळी लिहाव्यात: काय केले, केव्हापासून, काय अवघड गेले. विज्ञान प्रदर्शन, चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा, स्काउट-गाइड, खेळ यांची प्रमाणपत्रे त्याच वहीत चिकटवावीत. शिफारसपत्र हवे असेल तर शिक्षकांकडे महिनाभर आधी वही घेऊन जावे. अर्जाच्या शेवटच्या रात्री साडेनऊला व्हॉट्सॲपवर "टीचर, एक लेटर पाहिजे होतं" असा निरोप आला की मी तरी काय लिहिणार? मुलगी सद्वर्तनी आहे, एवढेच.

पेढे घेऊन आलेल्या त्या आईची धाकटी मुलगी यंदा माझ्याच शाळेत नववीत आली आहे. हल्ली मी जुलैतच प्रत्येकीच्या जनरल रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल घरी पाठवते आणि आधार, जन्मदाखला, जातीचा दाखला यांच्याशी ताडून आई-वडिलांची सही मागते. धाकटीचा कागद दुसऱ्याच दिवशी परत आला. जन्मतारखेखाली लाल पेनने रेघ होती आणि समासात आईने लिहिले होते: टीचर, इथे ऑगस्ट आहे, जन्मदाखल्यावर एप्रिल आहे, केव्हा येऊ?