पाचवे शील आणि सरबताचे पिंप

स्मरणिकेत आठवणी लिहाव्यात असा प्रघात आहे. मी मात्र येथे एक मागणी घेऊन आलो आहे. आपल्या लग्नकार्यांत, जयंतीच्या उत्सवात, बढतीच्या व निवृत्तीच्या समारंभांत आणि आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्यातही पाहुण्यांच्या हाती कोणते पेय द्यायचे, याचा विचार आपण समाज म्हणून गांभीर्याने केलेला नाही. जेवणात काय असावे यावर आपण आठवडाभर खल करतो. मंडप, ध्वनिक्षेपक, सजावट यांचा हिशेब वहीत मांडलेला असतो. पेयाचा विषय निघाला की पाण्याचे जार सांगायचे, कोल्ड्रिंकचे चार क्रेट मागवायचे, आणि विषय संपला. ही जागा आपण रिकामी ठेवतो आणि त्याच जागेत दारू येऊन बसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातील पाचवे शील तेच सांगते. आपल्या वसतिगृहातील मूल हे शील रोज तोंडाने म्हणत मोठे होते. त्यांपैकी काही मुले आपल्याकडे कशी आली, हे शिक्षकांना ठाऊक असते. ज्या घरात संध्याकाळ झाली की आईचा जीव टांगणीला लागतो, त्या घरातून कुणी मामा, कुणी आजी मुलाचा हात धरून त्याला येथे आणून सोडते. असे मूल दहावी होते, पुढे शिकते, नोकरीला लागते, आणि पहिल्या पगाराच्या आनंदात मित्र त्याला विचारतात, ‘तू काय घेणार?’ त्या क्षणी त्याच्या पाठीशी दहा वर्षांची वंदना असते, पण हातात धरायला काही नसते. रिकाम्या हाताने उभ्या असलेल्या माणसाला दर पाच मिनिटांनी खुलासा करावा लागतो. दारू सोडून सहा महिने झालेल्या बापाची स्थिती याहून बिकट असते.

या प्रश्नावर आपल्याकडे आजवर दोन उपाय झाले, कायदा आणि भाषण. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही रद्द झालेला नाही. दारू पिण्यासाठी परवाना लागतो, हे पिणाऱ्यांपैकी कितीजणांना माहीत असेल याची शंकाच आहे. भाषणे तर आपण सर्वांनी ऐकली आहेत आणि केलीही आहेत. ती होत असतानाच मंडपामागे बाटल्या उघडल्या जातात. भाषण करू नये असे मी म्हणत नाही. परंतु शील पाळण्याचा सगळा भार पाहुण्याच्या निर्धारावर टाकून यजमानाने मोकळे व्हावे, हे मला पटत नाही. पाहुण्याला शील पाळणे सुकर व्हावे, त्यात त्याला आनंद वाटावा, अशी व्यवस्था करणे हे यजमानाचे काम आहे.

या विचाराला धम्माच्या इतिहासातच मोठा आधार आहे. विनयपिटकातील महावग्गात केणिय नावाच्या जटिल तपस्व्याची कथा येते. तथागत साडेबाराशे भिक्खूंसह अंगुत्तराप प्रदेशातील आपण या गावी आले. त्यांच्या भेटीला जाताना काय न्यावे, असा प्रश्न केणियाला पडला. त्याने भरपूर पेय तयार करविले आणि कावडींत घालून ते नेले. तथागतांनी त्याचा स्वीकार केला. त्या प्रसंगी भिक्खूंना आठ प्रकारच्या पेयांची अनुमती मिळाली. त्या यादीत आंबा आहे, जांभूळ आहे, केळे आहे, द्राक्षे आहेत, फालसा आहे, कमळाच्या जातीच्या कंदाचे पेयसुद्धा आहे. उसाच्या रसालाही परवानगी मिळाली. फुलांच्या रसांत मात्र एक अपवाद केला गेला, तो मोहाच्या फुलांच्या रसाचा. मोहाच्या फुलांचे पुढे काय करतात, हे रायगड जिल्ह्यातील वाचकाला सांगण्याची गरज नाही.

साडेबाराशे माणसांसाठी मद्यविरहित पेय करणारा केणिय हा आपल्या परंपरेतील पहिल्या मोठ्या यजमानांपैकी एक आहे. आपण त्याला विसरलो. सुजातेची खीर आपण लक्षात ठेवली आणि वैशाख पौर्णिमेला गावोगावच्या विहारांत खीरदान सुरू झाले. केणियाची कावडही तशीच पुन्हा उचलली पाहिजे.

त्याच विनयात मद्याची व्याख्याही दिली आहे. पीठ, भात यांपासून आंबवून केलेली ती सुरा, आणि फुले, फळे, मध, गूळ यांपासून केलेले ते मेरय. म्हणजे ज्या फळाच्या रसाला एका ठिकाणी अनुमती आहे, त्याच फळाच्या आसवाला दुसऱ्या ठिकाणी मनाई आहे. फळ एकच, मध्ये काळ जातो आणि रस आंबतो. आपल्या किनाऱ्यावर हे रोज डोळ्यांसमोर घडते. पहाटे माडावरून उतरवलेली नीरा गोड असते. ऊन चढू लागले की तिची माडी होते. पाचवे शील मद्याला प्रमादाचे, म्हणजे गाफीलपणाचे, स्थान म्हणते. सरबत करणाऱ्यालाही हेच लागू आहे. फळांचा रस आणि साखर एकत्र करून पिंप रात्रभर उकाड्यात ठेवले, तर सकाळी त्याला बुडबुडे आणि आंबूस वास येऊ शकतो. अप्रमाद हा आपल्या धम्माचा गाभा आहे, आणि तो स्वयंपाकघरातही पाळावा लागतो.

दुसरा आधार आपल्याच जिल्ह्यातला आहे. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली, तेव्हा जमलेल्या हजारो लोकांच्या पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले होते. महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव त्यापूर्वीच झालेला होता. तरीही पाणी विकत घेण्याची वेळ आली. २० मार्चला बाबासाहेबांनी तळ्यावर जाऊन ओंजळीने पाणी प्यायले आणि त्यांच्यामागून परिषदेतील लोकही प्याले. त्यानंतर ‘बाटलेले’ तळे शुद्ध करून घेण्याचा विधी सनातन्यांनी केला. उच्च न्यायालयात आपला विजय व्हायला १९३७ साल उजाडावे लागले. महाडचा सत्याग्रह आपण समतेचा लढा म्हणून शिकवतो, ते योग्यच आहे. त्यात आणखी एक धडा आहे. जमलेल्या समुदायाला काय प्यायला मिळते, कोणाच्या हातून मिळते आणि कोणत्या भांड्यातून मिळते, हा आपल्यासाठी कधीच किरकोळ प्रश्न नव्हता. आपल्या आजोबा-पणजोबांना वरून धार धरून पाणी मिळत असे, कारण त्यांचा स्पर्श झालेला पेला दुसऱ्याला चालत नसे. म्हणून आपल्या समारंभात एकाच पिंपातून सर्वांना सरबत द्यावे, आणि ते फेकून देण्याच्या कपात न देता स्टीलच्या पेल्यात द्यावे. एकाने प्यालेला, स्वच्छ धुतलेला पेला दुसऱ्याने निःशंक ओठाला लावावा, यासाठीच तर तो लढा होता.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. आगरदांड्यासारख्या ठिकाणी कोकमासारखे पेय नाही. ओले रातांबे उन्हाळ्यात मिळतात, पण आमसूल वर्षभर मिळते. पाचशे माणसांचा समारंभ धरला, आणि दोनशे मिलिलिटरचा पेला माणशी सरासरी दीड लागेल असे मानले, तर दीडशे लिटर सरबत लागते. त्यासाठी साधारण पाच किलो आमसूल, पंधरा किलो साखर, दीडशे-दोनशे ग्रॅम भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि तीनशे-चारशे ग्रॅम मीठ पुरते. आमसुलाला आधीच मीठ लावलेले असेल तर मीठ चाखून बेताने घालावे.

आदल्या दिवशी सगळे पाणी उकळून, झाकून थंड करावे. रात्री आमसुले धुऊन पंचवीस लिटर पाण्यात भिजत घालावीत. साखरेचा पातळ पाक वेगळा करून ठेवावा. हे दोन्ही रात्री एकत्र करू नयेत. सकाळी आमसुले स्वच्छ हातांनी कुस्करून अर्क दोनदा वस्त्रगाळ करावा. समारंभापूर्वी तासभर अर्क, पाक आणि पाणी एकत्र करावे, तेही पन्नास-पन्नास लिटर असे तीन वेळा. पहिले पिंप संपत आले की दुसरे तयार करावे. अशाने चव टिकते, आणि पाहुणे कमी आले तर उरलेला अर्क व पाक वाया जात नाही. पाव हिस्सा अर्क साखरेविना ठेवून त्यात फक्त मीठ-जिरे घालावे आणि त्या पिंपावर तसे ठळक लिहावे. मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांना पेयासाठी आर्जव करावे लागू नये.

भांडे स्टेनलेस स्टीलचे घ्यावे. कोकम आंबट असल्याने बिनकल्हईची तांब्या-पितळेची आणि ॲल्युमिनियमची पातेली त्यासाठी अजिबात वापरू नयेत. गारव्याची एक अडचण किनाऱ्यावर असते. हवा दमट असल्यामुळे माठातील पाणी देशावर गार होते तितके येथे होत नाही. म्हणून बर्फ लागतो, आणि येथेच चूक होण्याचा संभव असतो. बंदरावर मासळीसाठी येणारा बर्फ पिण्यासाठी केलेला नसतो. तो पेयात कदापि टाकू नये. मोठ्या घमेल्यात किंवा टबात बर्फ भरून त्यात पिंप बुडवावे. बर्फ बाहेर राहील आणि सरबत गार होईल. सरबत काढण्यासाठी लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटीचे पिंप असावे, म्हणजे पेला पिंपात बुडणार नाही.

कोकम हे एक उदाहरण झाले. आपल्या वर्षाचे सणही पेयांना अनुकूल आहेत. १४ एप्रिलला कैऱ्या तयार असतात, तेव्हा पन्हे करावे. वैशाख पौर्णिमेला ताज्या रातांब्यांचे सरबत करता येते. धम्मचक्र प्रवर्तन दिनी ऑक्टोबरचा उकाडा असतो, तेव्हा लिंबू-पाणी किंवा पातळ ताक बरे. डिसेंबरातील मेळाव्यात संध्याकाळी गवती चहा, आले आणि गूळ घालून उकळलेले गरम पेय दिले, तर खाडीवरच्या वाऱ्यात लोक ते मागून घेतील.

काही आक्षेप येतील. ‘सर, नुसत्या सरबतावर मेळावा रंगत नाही,’ असे माजी विद्यार्थी मला हसत सांगतात. त्यांना माझे उत्तर असे की पातळ, कोमट, घाईत केलेल्या सरबतावर तो खरोखरच रंगणार नाही. जी काळजी आपण मटणाच्या रश्शाची घेतो, ती सरबताची घेऊन पाहा आणि मग निर्णय द्या. दुसरा आक्षेप असा की एवढा खटाटोप करण्यापेक्षा बाटल्या सोप्या. सोप्या आहेत हे खरे. परंतु बाटली विकत आणण्यात कोणाचाच हात लागत नाही. पिंपाभोवती पाच-सहा माणसे उभी राहतात, चव पाहतात, वाद घालतात, आणि जो तरुण एरवी मंडपामागे गेला असता तो ओगराळे हाती धरून रांगेसमोर उभा राहतो. मला त्या तरुणाची चिंता अधिक आहे.

तिसरा आक्षेप मात्र रास्त आहे: हे सगळे काम शेवटी आपल्या माय-बहिणींच्या गळ्यात पडेल. ते पडू नये. दारूचा मार ज्यांनी सर्वांत जास्त सोसला, त्यांच्यावरच तिला पर्याय शिजवण्याचा भार टाकणे हा अन्याय होईल. पाणी उकळणे, आमसुले कुस्करणे, पिंपे उचलणे आणि अखेरीस शेकडो पेले घासणे, ही कामे पुरुषांनी आणि मुलग्यांनी करावीत. दारूविरुद्ध भाषण देणाऱ्या वक्त्यानेही पेले घासायला बसावे. त्याच्या भाषणाला वजन येईल.

माझी मागणी छोटी आहे. यापुढे आपल्या शाळेच्या कोणत्याही कार्यक्रमात बाहेरून बाटलीबंद पेय आणू नये. मेळाव्याला येणाऱ्या प्रत्येक तुकडीने एका पिंपाची जबाबदारी घ्यावी. जूनमध्ये शाळा उघडताना मुलांना सोडायला पालक येतात; ज्यांच्या परसात रातांब्याचे झाड आहे, त्यांनी येताना त्या उन्हाळ्यात वाळवलेले किलोभर आमसूल आणावे आणि शाळेच्या कोठीत जमा करावे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी त्याची नोंद वहीत ठेवावी, माणसांच्या संख्येवरून प्रमाण काढावे आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली पहिले पिंप स्वतः करावे. पुढे आयुष्यात कुणी त्यांना ‘तू काय घेणार?’ असे विचारील, तेव्हा त्यांच्यापाशी नकाराबरोबरच पाचशे माणसांना पुरेल असे एक उत्तरही असेल.