संस्कृतकडून हिब्रूकडे

ख्रिस्ती श्रद्धेनुसार धर्मांतरानंतरही माणसाच्या उपजत देणग्या तशाच राहतात; देव त्यांना नव्या कामाला जुंपतो. याचे ठळक उदाहरण पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या केडगावात आहे. पंडिता रमाबाईंकडून (1858–1922) आईने लहानपणीच भागवताचे हजारो श्लोक तोंडपाठ करून घेतले होते. याच विद्वत्तेवर कोलकात्याच्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ ही पदवी दिली. 1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. (धर्मगुरूंशी त्यांचे वाद मात्र चालूच राहिले, ती बुद्धी सहजी मान तुकवणारी नव्हतीच.) पुढे व्याकरणाची तीच शिस्त त्यांनी हिब्रू आणि ग्रीककडे वळवली आणि बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतले. संस्कृतप्रचुर शब्द टाळण्याचा आग्रह एका संस्कृत पंडितेने धरावा, हे विशेष. केडगावात त्यांनी उभारलेल्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची कामे तिथल्याच स्त्रिया करत; दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या कित्येकींना तिथेच आसरा मिळाला होता. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते 1924 साली.