हृदयशस्त्रक्रियांचा ताळेबंद कोण मांडणार?

हृदयावरील शस्त्रक्रिया ही एके काळी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावरची बातमी होती. १९६८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयारोपण केले, तेव्हा दक्षिण आफ्रिकेतील डॉ. बर्नार्ड यांच्या पहिल्या हृदयारोपणाला तीन महिनेही लोटले नव्हते. मुंबईचा रुग्ण काही तासच जगला आणि ते साऱ्या जगाला कळले. आज बायपासच्या व झडपेच्या शस्त्रक्रिया राज्यातील अनेक शहरांत नित्य होतात. परंतु कोणत्या रुग्णालयात त्यांचे फलित काय, हे सामान्य नागरिकाला कळण्याची सोय नाही.

खर्चाच्या बाजूकडे शासनाने लक्ष दिले, हे मान्य केले पाहिजे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये सुरू झालेली जीवनदायी योजना पुढे महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. २०२३ मध्ये राज्याने विमासंरक्षण दीड लाखांवरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय घेतला. २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवरही मर्यादा घातली गेली. तथापि या साऱ्या उपायांचा रोख किमतीवर आहे. सार्वजनिक पैसा शस्त्रक्रियेसाठी मोजला जातो. त्या पैशाने रुग्णाच्या पदरात काय पडले, हा हिशेब मात्र करदात्यापुढे येत नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा दोष किरकोळ नव्हे. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले होते की, वैद्यकीय सेवेचा बाजार हा इतर बाजारांसारखा नसतो. कारण विकणाऱ्याजवळ जे ज्ञान असते ते घेणाऱ्याजवळ नसते. छातीत कळ येऊन खाटेवर पडलेल्या माणसाचे नातेवाईक चार ठिकाणी चौकशी करीत हिंडू शकत नाहीत. इमारतीचा थाट, जाहिरात किंवा कोणा परिचिताचा शब्द एवढ्यावरच त्यांना निर्णय घ्यावा लागतो. अशा स्थितीत ‘रुग्णाला निवडीचे स्वातंत्र्य आहे’ असे म्हणणे ही थट्टाच होय.

यावर उपाय नाही असे नाही. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने १९८९ पासून बायपास शस्त्रक्रियांची सक्तीची नोंद सुरू केली. रुग्णाचे वय, हृदयाची क्षमता, इतर आजार यांचा हिशेब करून रुग्णालयनिहाय, आणि पुढे शल्यविशारदनिहाय, मृत्युदर प्रसिद्ध होऊ लागले. हा दर १९८९ मध्ये ४.१७ टक्के होता. १९९२ मध्ये तो २.४५ टक्क्यांवर आला. सगळे श्रेय प्रसिद्धीलाच द्यावे की नाही, याविषयी मतभेद आहेत. शिवाय आपला आकडा बिघडू नये म्हणून शल्यविशारद अत्यवस्थ रुग्णांना नाकारतील, हा आक्षेपही तेथे घेतला गेला आणि तो पोकळ नाही.

परंतु मौनाचीही किंमत असतेच. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांत मृत्यूंचे प्रमाण अधिक असल्याची शंका तेथील भूलतज्ज्ञ डॉ. स्टीफन बोल्सिन वर्षानुवर्षे व्यक्त करीत होते. अखेर चौकशी झाली. २००१ च्या अहवालाने काढलेला निष्कर्ष असा की, १९९१ ते १९९५ या काळात तेथे एक वर्षाखालील ३० ते ३५ बालके सर्वसाधारण केंद्राच्या मानाने अधिक दगावली. आकडे उपलब्ध होते; त्यांना जाब विचारणारी व्यवस्था नव्हती.

आपण या दोन्ही अनुभवांपासून शिकावे. ज्या रुग्णालयाला सार्वजनिक योजनेतून पैसा मिळतो, त्याने प्रत्येक हृदयशस्त्रक्रियेची नोंद द्यावी, ही अट करारातच असावी. आकडे जोखमीचा विचार करूनच मांडावेत. वर्षाला ४० शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रात दोनाऐवजी तीन मृत्यू झाले, तर दर पाचावरून साडेसात टक्क्यांवर जातो. म्हणून तीन वर्षांची आकडेवारी एकत्र घ्यावी आणि आरंभी ती रुग्णालयांच्याच नावे प्रसिद्ध करावी, व्यक्तींच्या नव्हे. अत्यवस्थ रुग्ण स्वीकारणाऱ्या केंद्रांना अधिक मोबदला द्यावा. नोंद रुग्ण घरी जाताच संपू नये. धातूची कृत्रिम झडप बसविलेल्या रुग्णाला आजन्म रक्त गोठू न देणारे औषध घ्यावे लागते व वेळोवेळी रक्त तपासावे लागते. शेतमजुराच्या घरी हे वर्षभर निभावले की नाही, हेही फलितच आहे.

साध्या सहकारी पतपेढीलासुद्धा दरवर्षी आपला ताळेबंद सभासदांपुढे ठेवावा लागतो. जेथे ठेव म्हणून माणसाचा जीवच ठेवला जातो, तेथे ताळेबंद मागणे हा डॉक्टरांवरील अविश्वास नव्हे. तो नागरिकाचा साधा हक्क आहे.